केसवाला टीबी

सांगलीहून निघालेल्या एसटीत एकदा कंडक्टरने आमच्या सरांना गायचा आग्रह केला होता. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. सरांच्या मांडीवर तंबोऱ्याची मखमली गवसणी होती, अंगात झब्बा होता, आणि ते डोळे मिटून हलकेच मान डोलवत होते. गवसणीत तंबोरा नव्हता, स्लाइडा दाखवायचा प्रोजेक्टर होता. डोळे मिटून ते यकृताच्या सुजेवरच्या व्याख्यानाची उजळणी करत होते. "बुवा, होऊ द्या की एखादं," कंडक्टर म्हणाला. दुसरा कुणी असता तर हसून खुलासा केला असता. सरांनी गवसणीची नाडी सोडली, आतून फिल्मची एक रंगीत चौकट काढली, ती खिडकीच्या उजेडात धरली आणि कंडक्टरला विचारलं, "दिसलं का?"

कंडक्टरला काय दिसणार? पण सर सोडणाऱ्यातले नव्हते. विश्रामबागला उतरायची माणसं दारात खोळंबली, ड्रायव्हर मागे वळून ओरडायला लागला, आणि सर त्या माणसाला यकृत समजावून सांगत राहिले. शेजारच्या सीटवर मी मांडीवर मोटारची बॅटरी घेऊन बसले होते. वीज गेली तरी तास बुडू नये म्हणून ती बॅटरी सगळीकडे न्यायची, आणि न्यायची कुणी, तर मी. तिच्यातल्या ॲसिडने माझ्या नव्या साडीला भोकं पडली. घरी सासूबाईंनी विचारलं, "कॉलेजात शिकवायला जातेस की गॅरेजात?"

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन सांगलीला आले आणि पॅथॉलॉजीत एमडी करायचं म्हणून आमच्या कॉलेजात ट्यूटर लागले. रोगाने शरीरातल्या पेशी कशा बिघडतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ओळखायचं, असा हा विषय. सर विभागप्रमुख आणि माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक. ते मला 'सातारकर' म्हणत. माझं आडनाव ते नव्हे, हे मी त्यांना पहिल्या आठवड्यात सांगितलं आणि नंतर नाद सोडला. माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर एका टेपरेकॉर्डरखाली पडून असे. टेपरेकॉर्डर डुगडुगायचा, त्याला टेकू म्हणून प्रबंध चांगला जाड होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्या विषयात शिकवणं म्हणजे प्राध्यापकांनी बोलायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं आणि मग मोजक्या सूक्ष्मदर्शकांपुढे रांग लावायची. एकेकाच्या वाट्याला क्षणभर बघणं यायचं. मागच्याने ढकललं की पुढचा बाजूला. सरांना हे सहन होत नसे. "सातारकर, डोळ्याला वेळ लागतो हो," असं ते मला सारखं सांगत. म्हणून त्यांनी सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसवायचं ठरवलं. त्याला लागणारी जोडणी परदेशातून मागवायची तर कॉलेज पैसे देईना. सर सरळ मिरजेला तंबोरे करणाऱ्या एका कारागिराकडे गेले आणि लाकडाची नळी कातून घेतली. इथपर्यंत ठीक होतं. पण तिथे त्यांना भोपळा दिसला. अर्धा कापलेला, वाळवलेला, पातळ कवचाचा. टेपरेकॉर्डरचा आवाज फाटतो, त्याचा स्पीकर भोपळ्यात बसवला तर गोड येईल, असं त्यांच्या मनाने घेतलं. आणि आवाज खरोखरच गोड आला, म्हणून त्यांना अडवायचीही सोय राहिली नाही. विभागाच्या मागच्या खोलीत भिंतीवर पांढरी चादर, समोर प्रोजेक्टर आणि कोपऱ्यात स्टुलावर भोपळा, अशी ती सरांची 'पाहायची खोली' तयार झाली. मुलांनी हवं तेव्हा यावं, बटण दाबावं, टेप ऐकावी, पडद्यावर चित्र बघावं, न कळल्यास पुन्हा मागे जावं. आमच्या भागात असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं.

भोपळ्यातून येणारा आवाज माझा होता. सरांचा स्वतःचा आवाज नाकातून येई आणि ते वाक्य अर्धं सोडून दुसरं धरत. म्हणून सगळे पाठ माझ्याकडून वाचून घेतले. एकेक पाठ पुन्हा पुन्हा. कॉलेजच्या मागून रेल्वेची लाइन जायची. मी छान रंगात येऊन यकृताच्या सिरॉसिसचं वर्णन करत असले की नेमकं इंजिन शिट्टी मारायचं. मी म्हणायचे, "सर, परत घेऊ या." सर म्हणायचे, "राहू दे, टेप महाग आहे." मूत्रपिंडाच्या पाठाआधी मला खोकला आला, तोही तसाच राहिला.

खोलीचं कौतुक मात्र झालं. डीनसाहेब पाहुण्यांना हटकून तिकडे आणत. मुलं तर खोली सोडायला तयार नसत. पूर्वी सराव परीक्षेत निम्मी मुलं गारद व्हायची, आता पटापट ओळखायला लागली. स्लाइड लावली रे लावली की उत्तर. मला वाटलं, साडीचं सार्थक झालं.

या मुलांत एक आटपाडीकडचा होता. सगळे त्याला आटपाडीच म्हणत. घरची मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. थोरला भाऊ फौजेत, त्यानेच हट्टाने याला डॉक्टरीला घातलेला. आटपाडी आमच्या विषयात दोनदा आपटला होता. मुलगा मंद नव्हता, पण इंग्रजीत तोंड उघडायची वेळ आली की त्याचं जे काही असेल ते घशात अडकायचं. भावाने निर्वाणीचं कळवलं होतं, की एवढ्या खेपेला पास झालास तर ठीक, नाहीतर गुंडाळून ये, तुला भरतीला उभा करतो. सरांच्या खोलीने आटपाडीला जीव आला होता. टेप इंग्रजीत असली तरी पुन्हा पुन्हा ऐकून त्याने ती तोंडपाठ केली होती. मला तो जिन्यात भेटला की म्हणायचा, "मॅडम, आवंदा निघतंय बघा."

परीक्षेला थोडे आठवडे उरले असताना एक दिवस प्रोजेक्टर तापला आणि क्षयाच्या गाठीची फिल्म भर वर्गात पडद्यावर वितळली. सरांनी कपाटातून दुसऱ्या एका रोग्याच्या गाठीची काच काढली, नवीन फोटो घेतला, मुंबईहून धुऊन मागवला आणि वर्गात लावला. आधीच्यापेक्षा सुरेख फोटो होता. क्षयाची एकूण एक लक्षणं त्यात होती.

"काय दिसलं?" सरांनी विचारलं.

जी मुलं क्षय झोपेतही ओळखायची, ती एकमेकांकडे बघायला लागली. सरांनी पुन्हा विचारलं. शेवटी आटपाडी उभा राहिला आणि अगदी सरळ मनाने म्हणाला, "सर, ह्यात केस न्हाई."

"कसला केस?"

"केस, सर. डाव्या अंगाला वर. टीबीच्या स्लाइडीत असतोय न्हवं."

आमच्या जुन्या क्षयाच्या स्लाइडीत, काचेखाली, कुणाचातरी एक बारीक केस अडकला होता. स्लाइड बनवताना पडला असेल. फोटोतही तो आला होता, पडद्यावर चांगला मनगटाएवढा जाड दिसायचा. मुलांनी केस पाठ केला होता. सरांनी पुढे खोदून विचारलं तेव्हा एकेक बाहेर यायला लागलं. शिट्टी वाजते तो सिरॉसिस. मॅडम खोकतात ते मूत्रपिंड. कोपऱ्यात बुडबुडा तो न्युमोनिया. मी मागच्या बाकाजवळ उभी होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांनी काय करावं? त्यांच्या डोक्यावर मुळात केस थोडे. त्यातला एक उपटला, निरोगी यकृताच्या फिल्मवर डाव्या बाजूला वर ठेवला आणि ती चौकट लावली. अर्धा वर्ग एका सुरात ओरडला, "टीबी!"

मला वाटलं, हा माणूस आता खचणार. एवढी वर्षं, एवढे कष्ट, सगळं एका केसाने बुडालं. पण सर हसायला लागले. टेबलाला धरून हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "वा! काय शिकवलंय आपण, सातारकर! काय शिकवलंय!" त्या 'आपण'मध्ये मला ओढायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी विभागात आले तर सर माझ्या टेपा पुसत बसले होते. एक झाली की दुसरी. मला न विचारता. मी दारातच उभी राहिले. त्या टेपांसाठी मी माहेरपण सोडलं होतं, सर्दीत काढे पिऊन घसा सांभाळला होता.

"सर, निदान सांगायचं तरी!"

"तुमचा आवाज फार खात्रीचा आहे हो," सर मान वर न करता म्हणाले. "मुलं त्याच्यावर निजतात."

यापुढे टेपेवर फक्त एक प्रश्न असणार होता, "काय दिसतंय?" आणि त्यानंतर नुसती शांतता. मुलाने पडद्यावर बघायचं, जे दिसेल ते माइकमध्ये बोलायचं आणि मग स्वतःचंच बोलणं परत ऐकायचं. रोगाचं नाव घ्यायला बंदी. भाषा कोणतीही. आणि फोटो देखणे नकोत, एकाच रोगाचे पाच जणांचे पाच हवेत. कुठे रंग फिका, कुठे काप दुमडलेला, कुठे निम्मी गाठ सडलेली. सगळे नव्याने काढायचे.

खरी भानगड पुढे होती. आमच्याकडे अशी पद्धत होती, की प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावचा परीक्षक येई, पण स्लाइडा विभागाच्याच असत. त्याच त्या, वर्षानुवर्षांच्या. म्हणजे सर गप्प बसले असते तर केसवाला क्षय परीक्षेत आला असता, मुलांनी केस ओळखला असता आणि सगळी बॅच सुखाने पास झाली असती. आटपाडीसुद्धा. सरांनी सांगून टाकलं, की जुनी एकही स्लाइड परीक्षेत जाणार नाही. चालू वर्षाच्या रोग्यांच्या नव्या स्लाइडा लावायच्या.

डीनसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. मीही बरोबर होते. "अहो, तुमचीच मुलं, तुमच्याच स्लाइडा," डीनसाहेब काकुळतीला आले. "परीक्षा होऊ द्या, मग काय क्रांती करायची ती करा."

"साहेब, त्यांना केस येतो, क्षय येत नाही," सर म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. आटपाडीचं सगळं सांगितलं, भावाने काय कळवलंय तेही. एवढी एक परीक्षा, सर, एवढी एकच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पायातली चप्पल नीट केली आणि म्हणाले, "मग त्याच्याबरोबर रोज तुम्ही बसा." संपलं! प्रबंध टेपरेकॉर्डरखाली, आणि मी आटपाडीबरोबर.

बसले. न बसून सांगते कुणाला? पहिले काही दिवस तो माइककडे नुसता बघत राही. मग एका दुपारी खोलीत आम्ही दोघंच असताना तो त्याच्या बोलीत सुरू झाला. "मधी गुलाबी हाय, पीठ सांडल्यागत. कडंनं लांबुळक्या पेशी, एकमेकीला चिकटून बसल्यात. त्याच्या भाईर बारीक निळं ठिपकं, लय गर्दी. आन् ही एक मोठी, हिच्या कडंकडंनं ठिपकं लागल्यात, घोड्याच्या नालागत." मी थक्क होऊन ऐकत होते. क्षयाचं इतकं चोख वर्णन मला माझ्या एमबीबीएसच्या परीक्षेत करता आलं नव्हतं. टेप परत ऐकताना तो स्वतःच दचकला. "मॅडम, ह्यो मीच बोलतोय व्हय?" त्या दिवसापासून तो सुटला. पण सगळं मराठीत. मी सरांना म्हटलं, "परीक्षक हे ऐकून घेणार आहेत का?" सर म्हणाले, "दिसल्याशिवाय इंग्रजीत तरी काय बोलणार?" असल्या उत्तरांनी मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटायचं.

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरचे परीक्षक कडक इस्त्रीचे होते. त्यांची संध्याकाळची गाडी होती आणि ते घड्याळाकडे बघत होते. टेबलापाशी ते आणि सर शेजारी शेजारी, समोर सूक्ष्मदर्शक आणि मुलगा. स्लाइडा बदलायचं काम माझं. मुलं अडखळत होती, घामाघूम होत होती, पण बरीचशी तरून जात होती. आपल्या कॉलेजच्या प्राध्यापकाने अशा वेळी हळूच एखादा सोपा प्रश्न टाकून मुलाला हात द्यायचा, हा सगळीकडचा अलिखित नियम. सर तसं काही करत नव्हते. ते मुलांच्या तोंडाकडे बघतसुद्धा नव्हते, मुलं स्लाइड कशी सरकवतात ते बघत होते.

आटपाडीच्या वाट्याला जी स्लाइड आली ती आमच्याच हॉस्पिटलातल्या एका मुलीची होती. जतकडची, आठ-नऊ वर्षांची पोर. मांडीवर दगडासारखी सूज. सरांनीच तपासून क्षय म्हणून लिहून दिलं होतं. कित्येक महिने क्षयाची इंजेक्शनं चालू होती, पण सूज तसूभर उतरत नव्हती. शेवटी सर्जननी ठरवलं होतं, की आत कॅन्सरच असणार, पाय काढावा. ऑपरेशन दुसऱ्या दिवशीचं होतं. परीक्षेच्या यादीत त्या स्लाइडीपुढे सरांच्या निदानाप्रमाणे 'क्षय' असं लिहिलं होतं.

आटपाडी बराच वेळ बघत राहिला. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, "निदान?" त्याने काचेवरचा डोळा काढला नाही. पुन्हा विचारलं.

"दिसतंय काय, ते सांग," सर म्हणाले.

"मोठ्या पेशी हायत सर," आटपाडी म्हणाला. "पर मधी पीठ कुटंच न्हाई. लाल दाण्याच्या पेशींचा खच पडलाय. आन् मधीमधी भोकं हायत, रिकामी. काय गोल, काय लांब, नळी कापल्यागत. हरेक भोकाभवती गुलाबी लेप हाय."

"परीक्षा इंग्रजीत असते," परीक्षक म्हणाले. "निदान सांगा."

"नाव ठावं न्हाई सर. पर ह्यो टीबी न्हाई."

परीक्षकांनी यादी पाहिली आणि पेन उचललं. तेवढ्यात सरांनी सूक्ष्मदर्शक आपल्याकडे ओढला. डोळा लावला. काच सरकवली, परत सरकवली. "बुरशी," ते पुटपुटले. "बुरशी आहे ही. ती भोकं म्हणजे तिचेच धागे." मग उठले, स्लाइड काढून झब्ब्याच्या खिशात टाकली आणि चालू लागले. मी "सर, सर!" करत दारापर्यंत गेले. ते सायकलवर टांग टाकून वॉर्डाकडे निघालेसुद्धा.

आता बघा. परीक्षकांपुढे सूक्ष्मदर्शक रिकामा, शेजारची खुर्ची रिकामी, आणि समोर एक मुलगा, ज्याने मराठीत काहीतरी सांगितलं आणि यादीतलं निदान चुकवलं. स्लाइड असती तर परीक्षकांनी स्वतः पाहिलं तरी असतं. मी बोलायला गेले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ट्यूटरला परीक्षेत तोंड नसतं. त्यांनी गुण लिहिले, तो कागद पाकिटात गेला, पाकिटाला लाख लागली आणि ते गाडी गाठायला निघून गेले. सर परत आले तेव्हा खोलीत फक्त मी होते.

मी त्यांच्यावर त्या दिवशी ओरडले. आयुष्यात दुसऱ्या कुठल्या वरिष्ठावर ओरडलेले नाही. "ऑपरेशन उद्या होतं! पाच मिनिटं थांबला असतात तर त्या पोरीचा पाय कुठे पळून जाणार होता का? ज्याला दिसलं त्यालाच तुम्ही नापास केलंत!"

"मला सुचलंच नाही," सर म्हणाले. मग म्हणाले, "मी त्या काचेत मोठ्या पेशी बघितल्या आणि क्षय लिहून मोकळा झालो."

"म्हणजे तुम्हीसुद्धा केसच बघितलात."

माझ्या तोंडून ते गेलं आणि मला वाटलं, आता हा माणूस मला विभागातून हाकलणार. त्यांनी मान डोलवली आणि ते खुर्चीत बसले. नंतर सिस्टरकडून कळलं, की वॉर्डात त्यांनी मुलीच्या बापापुढे हात जोडून सांगितलं होतं, "माझी चूक झाली. मला दिसलं नव्हतं, माझ्या एका विद्यार्थ्याला दिसलं." आणि सर्जनशी भांडून ऑपरेशन रद्द केलं होतं.

निकाल लागला. आटपाडी नापास. सरांनी विद्यापीठाला अर्ज केले, खेटे घातले, परीक्षकांची पायधरणी केली. लाख लागलेलं पाकीट कुणी उघडलं नाही.

थोड्या दिवसांनी आटपाडी भावाला घेऊन विभागात आला. सामान न्यायचं होतं. भाऊ सुट्टीवर आलेला, उंच, सरळ पाठीचा, मिशीचा. त्याने सरांना नमस्कार केला नाही.

"आवं सर, पोरगं पास हुत हुतं. जुन्या स्लाइडी ऱ्हाऊ दिल्या असत्या तर काय झालं असतं? तुमी त्याला पाडलं."

"हो," सर म्हणाले. "मी पाडलं."

मला वाटलं, हे आता काहीतरी तत्त्वज्ञान सांगणार. पण ते तेवढंच बोलले. मग आटपाडीनेच मला हळूच विचारलं, "मॅडम, त्या पोरीचं काय झालं?"

आम्ही चौघंही वॉर्डात गेलो. बुरशीवरचं आयोडाइडचं साधं, स्वस्त औषध चालू होतं आणि तेवढ्या दिवसांत ती दगडासारखी सूज अर्ध्यावर आली होती. पोरगी व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या मारायच्या नादात होती आणि सिस्टर तिच्यावर डाफरत होत्या. बाप खांबाला टेकून बसला होता. सरांनी त्याला सांगितलं, "ह्याला दिसलं होतं." बाप उठला आणि आटपाडीच्या पायाशी वाकायला लागला. आटपाडीने घाबरून त्याला धरलं. "आवं, काय करताय!" असं म्हणता म्हणता त्याने स्वतःच बाहीने डोळे पुसले. मीही पदर डोळ्याला लावला, खोटं कशाला बोलू?

फौजी भाऊ बराच वेळ त्या पोरीच्या पायाकडे बघत उभा होता. मग त्याने आटपाडीच्या पाठीवर थाप मारली. "ऱ्हा गड्या. अजून सहा म्हयने. घरचं मी बघतो." आणि सरांकडे वळून, बोट रोखून म्हणाला, "पर सर, ह्या टायमाला परीक्षेत आपली पोस्ट सोडायची न्हाई. काय बी होऊ द्या."

"नाही सोडणार," सर म्हणाले.

ऑक्टोबरच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक वेगळे होते. सर सकाळी येऊन खुर्चीत बसले ते बसलेच. चहा आला तर जागेवर. जेवायच्या सुट्टीत सगळे उठले, हे उठले नाहीत. मधे वॉर्डातून निरोप आला, तर मला धाडलं. आटपाडीची पाळी आली. तो आधी अडखळत इंग्रजीत, मग घडाघडा मराठीत आणि शेवटी परत इंग्रजीत बोलला, आणि निदान बरोबर सांगून मोकळा झाला. परीक्षक खूश झाले. मला वाटलं, आता तरी हा माणूस उठेल. नाही. शेवटचा मुलगा गेला, पाकीट बंद झालं, त्याला लाख लागली, तरी सर खुर्चीचे हात घट्ट धरून बसून होते.

परीक्षकांनी मला बाजूला घेतलं आणि काळजीने विचारलं, "यांना उठता येत नाही का?"

"येतं," मी म्हटलं. "पण त्यांनी एका जवानाला शब्द दिलाय."